भोंगा आणि रनची खिडकी

आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बसस्थानकात त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट एखादा नवा कंडक्टर अदबीनं 'साहेब' म्हणाला, तर तोच सांगे, "साहेब वरच्या मजल्यावर बसतात. मी भोंगा."

चौकशीच्या खिडकीमागं काचेची एक खोली होती. तिथं बसून तो गाड्यांची घोषणा करी. पत्र्याच्या जुन्या कर्ण्यातून आला तरी त्याचा आवाज चिरकत नसे. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' म्हणून तो जरा थांबे, आणि तेवढ्यात स्थानकातली रडकी पोरंसुद्धा गप्प होत, असं तो स्वतःच सांगे. स्वतःचं कौतुक करताना त्यानं कधी हात आखडता घेतला नाही. पण नुसत्या बाता नव्हत्या त्या. वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. गाडी फाटकातून आत वळली की इंजिनाच्या घरघरीवरून ती कुठली, हे तो मान वर न करता ओळखी.

मान वर न करण्याचं एक कारण मात्र त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्याच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. आधी तो काचेवरच्या वाफेसारखा होता, मग धुरासारखा झाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. चष्म्यानं भागणार नाही." झालंही तसंच. तो रस्त्यानं नीट चाले, जिना चढे, चहाचा कप बरोबर उचले. पण ज्या गोष्टीकडे रोखून पाहावं, नेमकी तीच गायब. समोरच्याचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. अक्षर तर नाहीच. हे घरात फक्त बायकोला ठाऊक होतं. ती इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती, आणि लोकांची गुपितं पोटात ठेवायची तिला सवय होती.

तोंडपाठ वेळापत्रकावर बरेच दिवस निभावलं. मग स्थानकात कॉम्प्युटर आला.

नव्या पद्धतीत सगळंच त्या यंत्रातून जाणार होतं. मायक्रोफोन त्याला जोडलेला, कर्णे त्याला जोडलेले, आणि बाहेर टांगलेला गाड्यांचा लुकलुकणारा फलकही त्यालाच. गाडीचा फलाट बदलला की आधी यंत्रात बदलायचा, मग बोलायचं. भोंग्यानं शक्कल लढवली. कुठलं चित्र पडद्यावर कुठं आहे ते त्यानं बायकोला एका रविवारी खोलीत आणून विचारून घेतलं, आणि माऊस कोपऱ्यात नेऊन तिथून हाताच्या अंदाजानं सरकवायची सवय केली. अंदाज बसला. त्याला वाटलं, जिंकलो.

पण एका सकाळी साफसफाईच्या नावाखाली कुणीतरी पडद्यावरची चित्रं नीट रांगेत लावून ठेवली. भोंग्यानं नेहमीसारखा हात सरकवला आणि दाबलं. बाहेरचा फलक काळा झाला. तो सावरायला त्यानं आणखी दोन ठिकाणी दाबलं, तर पत्त्यांचा खेळ उघडला आणि पत्ते पिसल्याचा आवाज साऱ्या कर्ण्यांतून घुमला. लोक हसले. कुणीतरी बाहेरून ओरडलं, "मलाही वाट रे दोन पानं." तेवढ्या गोंधळात कारखान्याकडे जाणारी गाडी कामगारांना न घेताच निघून गेली.

आगारप्रमुख धावत खाली आले. त्यांनी पडदा पाहिला, मग भोंग्याकडे पाहिलं. भोंगा त्यांच्याकडे पाहत होता, पण त्यांच्या कानाकडे.

"कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

भोंग्यानं खरं ते सांगितलं.

"मला आधी सांगायचंत," आगारप्रमुख म्हणाले. "मी काहीतरी केलं असतं. आता तक्रार वरपर्यंत जाणार, आणि मी काय उत्तर देऊ?"

त्याची बदली भांडारात झाली. तिथं टायर, पत्रे, ऑइलचे डबे आणि एक पंखा. काम म्हटलं तर कुणी टायर न्यायला आलं की मान हलवायची. माइकवर आता कंडक्टर आळीपाळीनं बसत. त्यातला एक घोषणा अशी करी, की जणू सुटे पैसे मागतोय. दुसरा इतका हळू बोले, की लोक एकमेकांना विचारत, 'काय म्हणाला?' भांडारात बसून भोंगा ते ऐके आणि टायरवर बुक्की मारी. घरी आला की न बोलता जेवे. ज्या माणसाला घरात 'जरा हळू बोला, शेजारी झोपलेत' असं सांगावं लागे, तो मुका झालेला बायकोला बघवेना.

"अहो," ती एके दिवशी म्हणाली, "आमच्या बोर्डावर मी कुठं बघते? कुठल्या वॉर्डाचा काय नंबर, ते माझ्या बोटांत आहे. डोळे मिटूनही जोडून देईन. तुमचं यंत्र बोटांनी चालत नाही का?"

"ते माऊसनं चालतं. आणि माऊसचा बाण मला दिसत नाही."

"माझ्या भावाला विचारू."

"त्या टवाळाला?"

"टवाळ आहे, पण हुशार आहे."

मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना उघडी पडलेली यंत्रं आणि मधून एका माणसापुरती वाट. दुपारी तो जेवायला दार ओढून घेई, तेवढा वेळ त्यानं भोंग्याला दिला. त्यानं सगळी हकिकत ऐकली. पत्त्यांच्या भागाला तो पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "भावजी, उंदीर पकडता येत नाही ना? मग त्याच्यामागं धावता कशाला? सोडून द्या." आणि त्यानं माऊसची वायर उपसून खणात टाकली.

आधी त्यानं अक्षरं मोठी करून पाहिली. पपईएवढी झाली, तरी पपई नेमकी डागातच जाऊन बसे. तो नाद सोडून मेहुण्यानं भोंग्याचं बोट धरलं आणि कीबोर्डच्या खालच्या ओळीतल्या, खिडकीचं चित्र असलेल्या कळेवर ठेवलं.

"ही दाबून धरा. आणि वर 'आर' दाबा. झालं. खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली. तिचं नाव रन. तिला फक्त नाव सांगायचं आणि एंटर मारायचा. ती वस्तू मशीनमध्ये कुठंही असू दे, समोर येऊन उभी राहते. चित्र शोधायला नको, बाण नको."

"नुसतं नाव?"

"नुसतं नाव. पण स्पेलिंग चुकलं तर म्हणते, असं काही सापडत नाही."

भोंग्यानं ती कळ बोटानं पुन्हा चाचपली. मग म्हणाला, "म्हणजे पुकारा केला की गाडी फलाटाला लागते."

"तुम्हाला जसं समजेल तसं समजा. लिहा, सी-ए-एल-सी."

भोंग्याला टायपिंग येत होतं. नोकरीला लागताना त्याची परीक्षा दिली होती, आणि बोटं ती विसरली नव्हती. त्यानं अक्षरं दाबली, एंटर मारला.

"काय आलं?"

"कॅल्क्युलेटर आलं. आता नोटपॅड."

नोटपॅडही आलं. भोंग्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू उमटलं. त्यानं उगाचच पुन्हा कॅल्क्युलेटर बोलावलं, मग आणखी एक. मेहुणा म्हणाला, "अहो, पुरे. बाजार मांडायचाय का?"

त्यानंतर 'नॅरेटर'. हे नाव लिहून एंटर मारला आणि हेडफोनमधून एक कोरडी, एकसुरी बाई बोलू लागली. पडद्यावर जे असेल ते ती वाचून दाखवी. कुठली कळ दाबली तेही सांगे. तिचा आवाज ऐकून भोंग्यानं नाक मुरडलं. "हिला थांबायचं कुठं ते कळत नाही," तो म्हणाला. "मी हिच्यापेक्षा झोपेत चांगलं बोलतो." पण ती डोळ्यांचं काम करत होती, म्हणून त्यानं तिला चालवून घेतलं.

हळूहळू नावं वाढत गेली. एखादा प्रोग्राम हट्टाला पेटून गोठला, तर टास्क-एमजीआर लिहायचं आणि त्याला उचलून बाहेर काढायचं. फलकाचं नेटवर्क तुटलं, तर एनसीपीए डॉट सीपीएल. आवाज कुठल्या वाटेनं बाहेर जावा, माइक कुठला घ्यावा, हे ठरवायला एमएमसिस डॉट सीपीएल. आणि यंत्राच्या पोटात पडद्यामागं कामं करणारी जी चाकरमंडळी असतात, त्यांची हजेरी घ्यायची तर सर्व्हिसेस डॉट एमएससी. काही नावं अगदी कडबोळी होती. भोंग्यानं ती घोषणेच्या चालीवर घोकली. "एन, सी, पी, ए, मार्गे डॉट, सीपीएल" असं तो रस्त्यानं पुटपुटत चाले, आणि लोक वळून बघत.

बायको स्वयंपाक करता करता उजळणी घेई.

"प्रिंटर अडला?"

"सर्व्हिसेस डॉट एमएससी. त्यात छपाई सांभाळणारा स्पूलर शोधायचा, आणि बंद करून परत सुरू."

"नेट गेलं?"

"एनसीपीए डॉट सीपीएल."

"भाजी करपली?"

"त्याची कमांड तुझ्या भावाला ठाऊक नाही."

ती हसली, आणि मग वळून डोळ्यांना पदर लावला. पण भोंग्याला डोळ्यांच्या कडेनं ते दिसलं. त्यानं पुढचं नाव मोठ्यानं घोकायला घेतलं.

एक दिवस मेहुण्यानं हेडफोनची वायर काढून टाकली. "आता चालवा."

"ऐकू येत नाही तर कसं चालवू?"

"स्थानकातल्या मशीनचं साउंड कार्ड म्हातारं झालंय, तुम्हीच सांगितलंत. मधूनच त्याचा आवाज बसतो. ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी कर्णे बंद आणि तुमची ही बोलकी बाईही बंद. मग काय करणार? हाका मारणार मला?"

भोंग्याला हे पटलं. त्यानंतर तो मुक्या यंत्रावरही सराव करू लागला. आवाजाचं काम बघणाऱ्या चाकराला ऑडिओ-एसआरव्ही म्हणतात, आणि रनच्या चौकटीतूनच त्याला 'नेट स्टॉप' म्हणून झोपवता येतं, 'नेट स्टार्ट' म्हणून उठवता येतं, हे मेहुण्यानं शिकवलं. त्यासाठी साधा एंटर चालत नाही, कंट्रोल आणि शिफ्टसकट मारावा लागतो. मग यंत्र विचारतं, खरंच करू का? त्याला आल्ट-वायनं होकार द्यायचा. ही सगळी कवायत भोंगा गप्प यंत्रावर करी, आणि मेहुणा मागून फक्त "हं" किंवा "चुकलात" म्हणे. 'चुकलात' हळूहळू कमी झाले.

मग भोंगा वरच्या मजल्यावर गेला.

"साहेब," तो आगारप्रमुखांना म्हणाला, "मी लपवलं ते चुकलं. आता लपवत नाही. मला मधलं दिसत नाही. पण मशीन चालवता येतं. परीक्षा घ्या. नापास झालो तर परत टायरांत जाऊन बसतो, शब्द काढणार नाही."

आगारप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. त्या सुटे पैसे मागणाऱ्या कंडक्टरच्या आवाजाला तेही विटले होते. "मी वर लिहितो," ते म्हणाले. "पण परीक्षा मी घेणार नाही. माझा जीव तुमच्यावर आहे, लोक म्हणतील सांभाळून घेतलं."

मुख्य कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी भोंग्याशी हात मिळवला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मला तुमच्यावर दया करायला पाठवलेलं नाही. स्थानक चालतं का ते बघायला पाठवलंय."

"मलाही तेच दाखवायचंय, मॅडम," भोंगा म्हणाला.

परीक्षा भर गर्दीच्या वेळी, चालू स्थानकात ठेवली होती. बायको सुट्टी काढून आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती. आत येऊ का, असं तिनं विचारलं नाही. मेहुणा दुकान उघडं टाकून आला होता आणि चौकशीच्या खिडकीला नाक लावून उभा होता. त्या सकाळी त्यानं आगारप्रमुखांच्या परवानगीनं एवढंच केलं होतं, की फलकाच्या प्रोग्रामलाही एक छोटं नाव देऊन ठेवलं होतं. रनमध्ये 'बोर्ड' लिहिलं की तो उघडे.

भोंगा खुर्चीत बसला. खिडकीची कळ, आर, नॅरेटर. कानात बाई बोलू लागली. खिडकीची कळ, आर, बोर्ड. प्रोग्राम उघडला. मॅडम शेजारी उभ्या राहून सांगत गेल्या. एक गाडी उशिरा लावा. एक रद्द करा. हरवलेल्या पिशवीची घोषणा करा. भोंगा कानानं ऐकत, बोटांनी लिहीत, तोंडानं बोलत गेला. त्याचा आवाज कर्ण्यांतून बाहेर पडला तसे बाहेरचे दोन-तीन हमाल थांबले आणि एकमेकांकडे पाहू लागले. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. "आला वाटतं," तो म्हणाला.

तेवढ्यात वरून निरोप आला. हा परीक्षेतला नव्हता, खराच होता. नदीपलीकडे जाणारी गाडी नेहमीच्या फलाटावर लागणार नव्हती. तिथं एक गाडी बंद पडून आडवी राहिली होती. नवी गाडी अगदी दुसऱ्या टोकाच्या फलाटावर लागणार होती, आणि लगेच सुटणार होती. जुन्या फलाटावर लोकांची ही गर्दी, पोरंबाळं, बोचकी.

भोंग्यानं फलक बदलला, माइक ओढला आणि तोंड उघडलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे."

काहीच झालं नाही. कर्णे गप्प. कानातली बाईही गप्प.

दारात उभे असलेले आगारप्रमुख म्हणाले, "गेला आवाज. म्हातारं कार्ड. मी माणूस पाठवतो ओरडायला."

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, परीक्षा परत कधीतरी घेऊ."

"एक मिनिट, मॅडम," भोंगा म्हणाला.

त्यानं आधी हात मागं घालून वायरी चाचपल्या. घट्ट होत्या. मग कान टवकारून बाहेरचं ऐकलं. कर्ण्यांत बारीक गुणगुण होती, म्हणजे कर्णे जिवंत होते. दोष यंत्राच्या पोटात होता. खिडकीबाहेर मेहुण्याचा श्वास काचेवर उमटत होता, पण त्यानं आवाज काढला नाही. काढला असता तर ती मदत ठरली असती.

खिडकीची कळ, आर. नेट स्टार्ट ऑडिओ-एसआरव्ही. कंट्रोल, शिफ्ट, एंटर. होकार.

शांतता.

भोंग्याच्या मानेवर घाम आला. बोट चुकलं का? की चौकट उघडलीच नाही? दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. काळोख्या खोलीत हरवलेली किल्ली शोधावी तसं झालं. मग त्याच्या लक्षात आलं, की तो चाकर मेला नसेल, नुसता अडून बसला असेल. जो उभाच आहे त्याला 'ऊठ' म्हणून काय उपयोग? आधी त्याला झोपवायला हवं.

खिडकीची कळ, आर. नेट स्टॉप. होकार. थोडा थांबला. परत खिडकीची कळ, आर. नेट स्टार्ट. होकार. मग त्या बोलक्या बाईला बंद करून पुन्हा चालू केलं.

कानात ती कोरड्या आवाजात पुटपुटली. जन्मात त्याला कुठल्या बाईचं बोलणं इतकं गोड लागलं नव्हतं, असं त्यानं पुढं बायकोला सांगितलं, आणि बायकोनं ते ऐकून घेतलं.

त्यानं माइक ओढला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे."

तो थांबला. आणि सबंध स्थानक खरंच थांबलं.

"नदीपलीकडे जाणारी गाडी आज शेवटच्या फलाटावर लागत आहे. धावू नका. गाडी तुम्हाला घेतल्याशिवाय सुटणार नाही. म्हाताऱ्या माणसांना पुढं जाऊ द्या. ड्रायव्हर, ऐकताय ना?"

लांबून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. लोक हसले आणि चालू लागले. मॅडम काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सगळीच्या सगळी गर्दी एका फलाटावरून दुसऱ्याकडे सरकत होती, धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. भोंग्याला मधला भाग दिसत नव्हता, पण डोळ्यांच्या कडेनं त्याला ती हालचाल दिसली, रंगीबेरंगी, एका दिशेनं वाहणारी. एक बाई बोचकं डोक्यावर घेऊन मागं राहिली होती. कंडक्टरनं खाली उतरून तिचं बोचकं घेतलं. गाडी भरली, हॉर्न वाजला, सुटली.

मॅडम वळल्या. "आवाज गेला तेव्हा तुम्ही काय केलंत, ते मला पुन्हा सांगा. सावकाश. मला शिकून घ्यायचंय."

भोंग्यानं सांगितलं. त्यांनी स्वतः खुर्चीत बसून एकदा करून पाहिलं. पहिल्यांदा होकार द्यायला विसरल्या, दुसऱ्यांदा जमलं. मग उठून म्हणाल्या, "उद्यापासून इथं बसा. कागद मागून येईल."

"आजपासून बसलो तर चालेल?" भोंगा म्हणाला. "पुढची गाडी फाटकात आलीय. कारखान्याची आहे."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. कारखान्याचीच होती.

आगारप्रमुख कधी नव्हे ते मोठ्यानं हसले. मेहुण्यानं काचेवर थाप मारली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागला, "मी शिकवलं त्याला. मी." बाहेर बाकावर बायको ताठ बसली होती. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "कोण हो हा? फार छान बोलतो." ती म्हणाली, "आहे एकजण. घरीसुद्धा असाच ओरडतो."

वर्षभरात इतर स्थानकांवरचे उद्घोषक त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. मॅडमनीच तसं ठरवलं होतं. त्यातल्या बहुतेकांचे डोळे धडधाकट होते. भोंगा सगळ्यांना खुर्चीत बसवतो, हात पुढं करून पडदा बंद करतो, आणि ते बावरले की समाधानानं हात चोळतो. "घाबरू नका," तो म्हणतो. "नाव नीट पुकारा, येईल." मग त्यांच्या मागं उभा राहून मेहुण्यासारखाच "हं" आणि "चुकलात" म्हणत राहतो. फरक इतकाच, की त्याचं 'चुकलात' फाटकापर्यंत ऐकू जातं.